वंशावळीतल्या रिकाम्या जागा आणि कारंज्याचे मूर्तिलेख

आमच्या टीममध्ये शिकागोचा एक पोलिश वंशाचा सहकारी आहे. कामाचा कॉल संपला की दहा मिनिटं तो हमखास आपल्या पणजोबांबद्दल बोलतो. पणजोबा अमेरिकेत उतरले तेव्हाच्या सरकारी कागदावर त्यांचा देश 'रशिया' असा लिहिलाय. धाकट्या भावाच्या कागदावर 'ऑस्ट्रिया'. दोघेही पोलिश! कारण १७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. म्हणून सरकारी कागद बघून गाव सापडत नाही. गाव सापडतं ते चर्चच्या वहीत. शिकागोतल्या पोलिश लोकांनी १८६७ साली सेंट स्टॅनिस्लाऊस कोस्तका हा आपला पॅरिश काढला, मग तसे बरेच निघाले. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं पाद्रीबुवा लिहून ठेवत, आणि वधूवर मूळ कुठल्या गावचे हेही बरेचदा त्यात असे. उरलेलं थडग्यावरच्या दगडावर.

त्यानं विचारलं, तुमच्याकडे काय असतं? म्हटलं, आमच्याकडे दहन. स्मशानात काही म्हणजे काही उरत नाही. पण आमच्या गावी पितळेच्या मूर्ती आहेत, आणि त्यांच्या पाठीवर नावं आहेत.

(पोलिश थडगी बघायला शिकागोला जायची गरज नाही, बरं का. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी १९४०-४१ मध्ये घरातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेलेली ही मंडळी इराणमार्गे आपल्याकडे आली. छावणीत चर्च होतं, शाळा होत्या. जे इथेच वारले त्यांची थडगी कोल्हापुरात आहेत आणि त्यांचे नातेवाईक अजूनही ती बघायला येतात. असो.)

तर आमचं गाव म्हणजे कारंजा लाड. बहुतेक मराठी माणसाला हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत असतं, गुरुमंदिराला येणाऱ्यांची वर्दळ वर्षभर असते. पण त्याच गावात दिगंबर जैनांच्या भट्टारकांच्या तीन गाद्या होत्या: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. भट्टारक म्हणजे मठाधिपतीसारखे. शिष्य, ग्रंथ, मंदिर, मिळकत सगळं सांभाळणारे आणि समाजावर वचक असणारे. तीन गाद्या, तीन मंदिरं. (काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघायला मुद्दाम जावं असं आहे.) बघेरवाल घरांत 'आपलं मंदिर कुठलं' हे पिढीजात ठरलेलं असे. शिकागोच्या भाषेत, आपला पॅरिश कुठला. शोधाची सुरुवात इथून करायची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला हा एक प्रश्न विचारावा, पुरुषांना नको, ते नुसता इतिहास सांगत बसतात :-)

सरकारी कागदांची गंमत इथेही तीच. वऱ्हाड १५९६ पासून मुघलांकडे, १७२४ पासून निजामाकडे, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं, १९५६ ला द्वैभाषिक मुंबई, १९६० ला महाराष्ट्र. जिल्ह्याचं बघाल तर कारंजा १९०५ पर्यंत अमरावतीत, मग अकोल्यात, आणि १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाल्यावर वाशिममध्ये. आजोबांच्या दाखल्यावर अकोला, खापरपणजोबांच्या कागदावर अमरावती, माझ्या पोरीच्या फॉर्मवर वाशिम. घर मात्र जागचं हललेलं नाही. जुना कागद शोधायला निघालात तर आधी तो कुठल्या काळातला ते ठरवा, मगच कुठल्या कचेरीत जायचं ते ठरतं. नाहीतर तीन जिल्ह्यांच्या चकरा पडतात.

१९व्या शतकाच्या अखेरीपासून पुढचं काम तसं सोपं. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून कोतवाल बुक हा शब्द घराघरांत गेला. जमिनीची हक्कनोंद असते. नाशिक-त्र्यंबकला जाणाऱ्या घराण्यांसाठी तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, गावाचं नाव सांगितलं की गुरुजी पान उघडतात आणि आजोबांची सही समोर येते. उत्तरेत हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या तशाच. गंमत म्हणजे जगभरच्या चर्चच्या वह्यांची मायक्रोफिल्म करणाऱ्या अमेरिकेतल्या युटाच्या मॉर्मन मंडळींनी हरिद्वारच्या बह्यांचीही केली आहे.

पण या सगळ्याची दोन दुखणी आहेत. एक, मागे फार जाता येत नाही. दुसरं मला जास्त टोचतं. आमच्या घरी एक वंशावळ आहे, चुलत आजोबांनी मोठ्या कष्टानं केलेली. जाड कागदावर झाड काढलंय, फांद्यांना पानं, पानात नावं. वर जाताना सात पिढ्या. त्यात बाई एक नाही. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, यात तू कुठे आहेस? ती म्हणाली, मी झाडाला पाणी घालते.

आता मूर्तिलेखांकडे या. बघेरवाल मूळचे राजस्थानातले, अजमेरकडच्या बघेरा गावावरून हे नाव. ते तिथून माळव्यात आणि मग दक्षिणेला सरकत आले. या स्थलांतराचा एक जुना आणि पक्का साक्षीदार म्हणजे पंडित आशाधर, १३व्या शतकातला मोठा जैन ग्रंथकार. तो मांडलगडचा. शहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत त्याचं कुटुंब माळव्यात धारेला आलं, पुढे तो नलकच्छपुराला राहिला. हे आपल्याला कळतं कारण ग्रंथांच्या शेवटी त्यानं स्वतःची प्रशस्ती लिहून ठेवलीय. वंश व्याघ्रेरवाल (म्हणजेच बघेरवाल), वडील सल्लक्षण, आई रत्नी, बायको सरस्वती, मुलगा छाहड. बघा, चार नावांत दोन बायका! आठशे वर्षांपूर्वीचा माणूस आईचं आणि बायकोचं नाव लिहून जातो.

हीच सवय मूर्तिलेखांत दिसते. मूर्तीची प्रतिष्ठा झाली की पीठावर किंवा पाठीवर मजकूर कोरायचा, आणि त्या मजकुराचा साचा ठरलेला. आमच्या धंद्यातल्या लोकांना चटकन कळावं म्हणून सांगतो: हा चक्क एक लॉग रेकॉर्ड आहे, रकाने ठरलेले. आधी संवत किंवा शक, महिना, पक्ष, तिथी, कधी वार. मग भट्टारकाची परंपरा, बलात्कारगणाची असेल तर मूलसंघ, सरस्वतीगच्छ, बलात्कारगण, कुंदकुंदाचार्यान्वय. मग भट्टारकाचं नाव, ज्याच्या उपदेशावरून प्रतिष्ठा झाली. मग दात्याची ज्ञाती आणि गोत्र. मग 'सा' म्हणजे साह, अमुक, 'भार्या' अमुक, 'पुत्र' अमुक, त्या पुत्राची भार्या अमुक. शेवटी हे सगळे नित्य नमस्कार करतात असं क्रियापद. पहिली बायको, दुसरी बायको असंही वेगळं लिहिलेलं असतं. जागा कमी असली की 'भा' आणि 'पु' एवढंच. एका वितीएवढ्या मूर्तीच्या पाठीवर तीन पिढ्या बसवलेल्या असतात, आणि सुनांसकट.

हे का झालं असेल? माझा अंदाज साधा आहे. पुण्य वाटून घ्यायचं होतं. जमिनीच्या कागदावर ज्याचा हक्क त्याचं नाव. इथे पुण्यात ज्याचा वाटा त्याचं नाव, आणि पुण्यात बायकोचा वाटा कुणी नाकारत नव्हतं. वारसाहक्काच्या झाडातून बायका गळतात, पण दानाच्या यादीत टिकतात. हस्तलिखितांतही तेच. एखाद्या व्रताचं उद्यापन म्हणून ग्रंथ लिहवून घ्यायचा आणि मुनींना किंवा मंदिराला द्यायचा ही रीत होती. लिहवून घेणारी अनेकदा बाईच असे, आणि शेवटच्या पानावर तिचं नाव येई.

हस्तलिखितांचा विषय निघालाच आहे तर कारंज्याची फुशारकी थोडी मारतो. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली काढली, तेव्हा कारंज्याच्या भांडारांत काय पडलंय ते विद्वानांच्या लक्षात आलं. अपभ्रंश भाषेतले अख्खे ग्रंथ! पुष्पदंताचं जसहरचरिउ प. ल. वैद्यांनी संपादून १९३१ ला छापलं. अमरावतीच्या कॉलेजातले प्रा. हीरालाल जैन (हे वेगळे हिरालाल, नावात घोटाळा नको) यांनी सावयधम्मदोहा, पाहुडदोहा, णायकुमारचरिउ आणि १९३४ ला करकंडचरिउ काढलं. यातल्या बहुतेक ग्रंथांची माला म्हणजे अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला. चवरे हे कारंज्याचंच बघेरवाल घराणं. ग्रंथ वाचणारे पहिलं पान उघडतात, कुळ शोधणाऱ्यानं शेवटचं उघडावं. ग्रंथ कुणी रचला त्यापेक्षा ही प्रत कुणासाठी, कुठे, कधी लिहिली हे आपल्या कामाचं.

आता आडनाव. इथे बरेच जण अडकतात. लेखात आडनाव नसतं, गोत्र असतं. बघेरवालांची परंपरेनं ५२ गोत्रं सांगतात. आज चवरे लावणाऱ्यांचं गोत्र लेखांत चवरिया असं येतं. खटोड गोत्राचं नाव आजही आडनाव म्हणून सापडतं. पण कित्येक घरांना राहत्या गावावरून -कर लागलं, कुणाला धंद्यावरून, कुणाला मानावरून. संघ घेऊन यात्रेला जाणारा संघपती, त्याचा झाला संघवी किंवा संघई, आणि विदर्भात संगई. त्यामुळे एकाच गोत्रातली चार भावकीची घरं आज चार आडनावांची असू शकतात. डेटाबेसच्या भाषेत गोत्र ही की, आडनाव हा नुसता डिस्प्ले नेम. घरात गोत्र माहीत नसेल तर लग्न जमवणाऱ्या आत्याला विचारा. तिला तुमचंच काय, सगळ्या गावाचं पाठ असतं.

मग तारखा. इथे खरी मजा आहे. कारंज्यात गुजरात-राजस्थानकडून आलेला विक्रम संवत आणि मराठी मुलखातला शालिवाहन शक दोन्ही चालत. शकात ७८ मिळवले की इसवी सन, संवतातून ५७ वजा केले की इसवी सन, एवढं ठोकळ. पण पौष-माघ-फाल्गुनातली तिथी इंग्रजी जानेवारी उलटल्यावरची असेल तर एकाचा फरक. शिवाय गुजराती संवत कार्तिकात बदलतो आणि उत्तरेचा चैत्रात, म्हणून त्याच वैशाखाला दोन ठिकाणी दोन आकडे. टाइमझोनचे बग सोडवलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

ताळा करायची एक सोपी युक्ती सांगतो. शकाबरोबर बरेचदा संवत्सराचं नाव असतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवपासून संवत्सराचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). उदाहरण घेऊ. नांदगावच्या एका जैन मूर्तीवर संवत १५४१, शक १४०६ आणि क्रोधी संवत्सर अशी नोंद आहे. १५४१ आणि १४०६ मध्ये फरक १३५, बरोबर. १४०६ अधिक १२ म्हणजे १४१८, साठानं भागून बाकी ३८, आणि अडतिसावा संवत्सर क्रोधीच. इसवी सन १४८४. तिन्ही आकडे जुळले की लेख नीट वाचलाय याची खात्री पटते. आकडा झिजला असेल तर हीच युक्ती उलटी वापरायची.

आणि हा लेख नुसता गणितापुरता नाही. त्यात चित्तोडचा उल्लेख आहे. तिथला जैन कीर्तिस्तंभ उभारणारा शाह जीजा, त्याचा मुलगा पूनसिंह, आणि तिथून खाली येत येत मूर्तीच्या दात्यांपर्यंतचा वंश. म्हणजे १५व्या शतकात विदर्भात मूर्ती बसवणारं बघेरवाल कुटुंब आपलं मूळ थेट चित्तोडच्या स्तंभाशी जोडत होतं. माझ्या सहकाऱ्याच्या चर्चच्या वहीत जसं 'मूळ गाव' असतं, तसंच हे, फक्त थोडं ऐटीत!

आता सावध राहायच्या दोन जागा. पहिली, जीवराज पापडीवाल. संवत १५४८ च्या वैशाख शुद्ध तृतीयेला मुडासा नगरात भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते या गृहस्थानं इतक्या मूर्तींची प्रतिष्ठा केली की परंपरा लाखाचा आकडा सांगते. त्या मूर्ती गाड्या भरभरून देशभर पाठवल्या. आजही भारतात जवळजवळ कुठल्याही जुन्या दिगंबर मंदिरात एखादी दिसतेच. तर तुमच्या मंदिरात हा लेख सापडला म्हणून तो तुमचा पूर्वज होत नाही. फुकट वाटलेली सीडी आपल्या कपाटात आहे म्हणून कंपनी आपली होत नाही, तसं. दुसरी जागा म्हणजे भट्टारकांची नावं. कारंज्याच्या बलात्कारगणात धर्मचंद्र, देवेंद्रकीर्ती ही नावं पुन्हा पुन्हा येतात. साल झिजलंय आणि नुसतं देवेंद्रकीर्ती दिसतंय, तर कुठले देवेंद्रकीर्ती? यासाठी विद्याधर जोहरापूरकरांचं 'भट्टारक संप्रदाय' (१९५८) जवळ ठेवायचं. प्रत्येक गादीची परंपरा, लेखांसकट, काळासकट. आधी आणि नंतर कोण हे बघितलं की आपोआप पंचवीस-तीस वर्षांच्या पट्ट्यात येता.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. डिसेंबर १६७० मध्ये मराठ्यांनी कारंजा लुटलं. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर दोनच महिन्यांनी. जदुनाथ सरकारांच्या हकिकतीत चार हजार बैल आणि गाढवं भरून माल नेल्याचं आहे, किंमत कोटीच्या घरात. गावचे धनिक धरून नेले, सगळ्यात बडा असामी तेवढा बाईच्या वेषात निसटला. शाळेत हा प्रसंग आम्ही अर्थातच घोड्यावरच्या बाजूनं शिकलो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण त्या हकिकतीत बैल मोजलेत, माणसांची नावं नाहीत. धरून नेलेल्यांपैकी एकाचंही नाही. ती नावं शोधायची तर त्या काळाच्या आसपासच्या मूर्तींच्या पाठी वाचाव्या लागतात. याच शतकाच्या उत्तरार्धात शीलविजय नावाचा श्वेतांबर साधू फिरत फिरत इकडे आला होता. त्याच्या तीर्थमालेत कारंज्याच्या भोज संघवी या बघेरवाल धनिकाच्या दानधर्माचं मोठं कौतुक आहे. पंथ वेगळा असून.

माझ्या घरापुरतं सांगायचं तर वंशावळीतल्या सगळ्यात वरच्या माणसाचं, त्याच्या मुलाचं आणि गोत्राचं नाव एकत्र असलेला एक लेख मला सापडला. काळही बसतो. नातवाला आजोबांचं नाव द्यायची पद्धत असल्यानं नुसत्या दोन नावांवर मी विसंबलो नसतो, पण तीन पिढ्यांचा क्रम जुळतोय. त्यात 'भार्या' पुढे एक नाव स्वच्छ आहे. दुसरं, म्हणजे सुनेचं, पहिलं अक्षर सोडून गेलंय. नावं इथे देत नाही, घरचीच आहेत. झाडाच्या कागदावर मात्र पेन्सिलीनं लिहिली. काकांना आवडलं नाही, कागद खराब केलास म्हणाले.

ते अक्षर गेलं कसं? तर भक्तीनं. रोजचा अभिषेक, रोजचं पुसणं, सणाला चिंच आणि राख लावून घासणं, आणि अलीकडे पॉलिशवाल्याकडे पाठवणं. दगडी मूर्तींना लेप देतात, त्याखाली पीठावरचा लेख बुजू शकतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. मूर्ती पूजेसाठी आहे, माझ्या वंशावळीसाठी नाही, हेही मला मान्य आहे. पण पन्नास वर्षांपूर्वी उतरवून घेतलेला लेख आणि आजची मूर्ती शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. आणि जुने लेख वाचू शकणारे पंडित आता मोजकेच उरलेत.

तेव्हा कुणाला करायचंच असेल तर पद्धत सांगतो. आधी मंदिराच्या विश्वस्तांची परवानगी, नुसती तोंडी नको. गाभाऱ्यात जायचं तर आंघोळ करून सोवळ्यातलं धोतर-उपरणं, आणि मूर्तीला हात कुणी लावायचा हे त्या मंदिराच्या रिवाजाप्रमाणे. खडू, कुंकू, तेल काही लावू नका. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला तर पितळेवर नुसती चकाकी येते. तो बंद करा आणि दुसऱ्याला टॉर्च अगदी आडवा धरायला सांगा, उजेड पृष्ठभागावरून घासत गेला पाहिजे. म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि समोरून न दिसणारी मात्राही दिसते. चारी बाजूंनी चार फोटो. पाठ भिंतीला टेकलेली असेल तर मूर्ती ओढू नका, लहान आरसा सरकवा आणि फोटो नंतर उलटा करा. कोणत्या मंदिरात, कोणत्या वेदीवर, कितवी मूर्ती, उंची किती, हे तिथेच लिहून काढा. घरी आल्यावर सगळे पार्श्वनाथ सारखेच दिसतात.

सकाळी अभिषेकाच्या आधी जा. पुजारी तेव्हा एकटा असतो, घाईत नसतो, आणि कुठल्या मूर्तीच्या पाठीवर काय आहे ते त्याला बहुधा ठाऊक असतं, कारण रोज त्याचाच हात तिथून फिरतो.